पहिला नंबर तुझा दे

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की तू "हो आई, बघतो" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसले.

बारशाचा दिवस आठव. सुमनमावशीनं सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या ओठांशी नेली. मृण्मयीनं तिचा हात हलकेच धरला. "मावशी, मध नको. वर्षाच्या आत देऊ नका म्हणालेत डॉक्टर." झालं! आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का, आजकालच्या मुलींना सांगायची सोय नाही, सिझर झालंय ना म्हणून दूध कमी, वरचं दूध कशाला लावलं. कपाटावरचा पावडरीचा डबासुद्धा कुणाच्या नजरेतून सुटला नाही.

तू पेढ्यांचं ताट घेऊन दारात उभा होतास. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू तिच्या शेजारीच बसला होतास. मधातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, हे घरी येऊन मला तूच समजावलं होतंस. तरी तू म्हणालास, "ते तिचं खातं आहे, तिलाच विचारा." सगळे हसले. ती खाली मान घालून दुपट्याची घडी करत राहिली.

मीही गप्प बसले, निखिल. त्याआधी महिनाभर रोज सकाळी मी तिला विचारत होते, "पुरतंय का गं दूध?" एक दिवस माझी चाहूल लागली तशी ती बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली, तेव्हा कळलं की माझी काळजी तिच्यापर्यंत पोचेस्तोवर झडती होत होती. काळजीनं पान्हा चोरला जातो, असं माझी आई सांगायची. डॉक्टरही तेच सांगतात, मनावर ताण असला की दूध उतरायला वेळ लागतो. मी तिची माफी मागितली आहे.

1988 साली तू झालास, तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीत आम्हाला बाळंतपणाची रजा 90 दिवस होती. तू तीन महिन्यांचा झालास आणि मी कामावर रुजू झाले. अकरा वाजले की छाती भरून यायची, पोलक्यात घडी करून ठेवलेला पंचाचा तुकडा भिजायचा. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचं. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा. इकडे आजी तुला बोंडल्यानं गाईचं दूध पाजायची. संध्याकाळी जिन्यात शेजारणी विचारायच्या, "एवढ्याशा जिवाला सोडून जायला मन कसं होतं गं?" तुझे बाबा त्याच जिन्यानं रोज सकाळी उतरायचे. त्यांना हे कधी कुणी विचारलं नाही. माणूस सोन्यासारखा, पण अशा वेळी तेही दारातच उभे राहायचे. ते मला अजून खुपतं.

तेव्हा बापाला रजा हा प्रकारच नव्हता. केंद्राच्या नोकरीत 1997 पासून 15 दिवस मिळू लागली. तुझ्यासारख्या खासगी नोकरीवाल्यांसाठी अजून तसा कायदा नाही, हे मला माहीत आहे. पण मृण्मयीची 26 आठवड्यांची रजा बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं आली, त्याआधी तीही 12 आठवड्यांचीच होती. आणि मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या घेता येतात. ती मागायला संकोचेल. तिला म्हणावं, हक्काच्या आहेत, घे.

गुटी द्यायची की नाही, पाळण्यात झोपवायचं की कुशीत, या गोष्टींवर तुम्ही दोघं भांडा, चुका, डॉक्टरांना विचारा. माझं म्हणणं त्याबद्दल नाही. दोघांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीचा जाब एकटीनं द्यावा लागू नये, एवढंच मागते आहे. पुढच्या वेळी कुणी डब्याच्या दुधाबद्दल विचारलं तर "आम्ही ठरवलं" असं तुझ्या तोंडून येऊ दे. सुमनमावशीला मी सांगितलं आहे. चिडली आहे थोडी, होईल शांत.

सोमवारी मृण्मयी कामावर रुजू होते आहे. पाळणाघरात बाळाला तू सोडायला जा. दुपटी चार दे, लाळेरी सहा, मी शिवून पाठवली आहेत. तिथल्या बाई फॉर्म भरून घेतील. बाळाला ताप आला तर कुणाला फोन करायचा, असं त्यात विचारलेलं असतं. तिथं पहिला नंबर तुझा लिही. आणि फोन आला की उचल.

तुझी,
आई