खर्डा वाचून

प्रिय आई-बाबा,
सा. न.

तुमच्या गोष्टीचा खर्डा वाचला. पहिल्या महायुद्धातली, १९१४ च्या नाताळातली खंदकांमधली मैत्री हा विषय किशोरांसाठी फार चांगला निवडलात. पण तुमची दोघं पोरं, एक इंग्रज शिपाई आणि एक जर्मन, एकमेकांना भेटतात ती निव्वळ चांगुलपणापोटी, असं सध्या वाटतं. त्या भेटीमागे रोकडी कारणं होती, ती आत आणा.

पहिलं कारण पाणी. डिसेंबरभर फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियम-फ्रान्स सीमेवरच्या त्या भागात, पाऊस झोडपत होता, खंदकांत गुडघाभर चिखलपाणी. दोन्हीकडचे शिपाई उपसून उपसून सारखेच बेजार. २४ तारखेला कडाक्याची थंडी पडली, चिखल गोठला आणि नो मॅन्स लँडमध्ये, म्हणजे दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या जागेत, चालता येऊ लागलं. दुसरं कारण तिथे पडून राहिलेली प्रेतं. कित्येक ठिकाणी पहिली बोलणी झाली ती प्रेतं पुरण्यापुरतीच. म्हणून पोरांच्या हातात आधी फावडं द्या, सिगारेट मागाहून.

जर्मन पोरगा एवढं सफाईदार इंग्रजी कुठे शिकला? युद्धाआधी बरेच जर्मन इंग्लंडात वेटर किंवा न्हावी म्हणून कामाला होते. असा एखादा थोरला सोबती त्याच्याबरोबर ठेवा. त्याने मध्ये पडून अर्थ सांगितला की संवाद आपोआप अडखळतील, आणि तेच हवंय. त्याची पलटण सॅक्सन, म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीची, ठेवा. इंग्रजांच्या आठवणींत सॅक्सन जास्त मोकळे म्हणून येतात.

पोलादी हेल्मेटं सगळी काढा. इंग्रजांकडे ती १९१५ मध्ये यायला लागली, जर्मनांकडे १९१६ मध्ये. तेव्हा इंग्रजांना कापडी टोपी, जर्मनांना कापडी खोळ चढवलेलं टोकदार चामडी शिरस्त्राण. विषारी वायूही नको, तो बेल्जियममधल्या ईप्रला आला एप्रिल १९१५ मध्ये. इंग्रज पोरगा १६ वर्षांचा आहे, पण परदेशी आघाडीवर जायला १९ पूर्ण लागत. वय खोटं सांगितल्याचा प्रसंग हवाच. देवघेवीला इंग्लंडच्या राजकन्या मेरीकडून शिपायांना नाताळची भेट म्हणून आलेली पितळी डबी वापरा. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना तंबाखूऐवजी आंबट गोळ्या आणि लिहिण्याचं सामान मिळे. या पोराला तेच शोभेल.

खरी अडचण शेवटाची. पुढे दोघं फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर योगायोगाने भेटतात, ते मला अजिबात पटलं नाही. पलटणी आलटून पालटून मागे जात, आणि शत्रूशी सलगी नको असा हुकूम इंग्रजांचे जनरल स्मिथ-डोरियन यांनी ५ डिसेंबरलाच काढला होता. त्यापेक्षा फ्रेलिंगियाँ या फ्रेंच गावाजवळ घडलं ते घ्या. २६ तारखेला सकाळी साडेआठला इंग्रजांकडच्या कॅप्टन स्टॉकवेल यांनी हवेत तीन बार काढले आणि ‘मेरी ख्रिसमस’ लिहिलेलं निशाण उभारलं. समोरून ‘थँक यू’ लिहिलेली चादर वर आली. दोन्ही अधिकारी काठावर चढले, एकमेकांना सलाम करून खाली उतरले, जर्मन अधिकाऱ्याने हवेत दोन बार काढले आणि लढाई सुरू झाली. तुमची पोरं त्या वेळी आपापल्या खंदकात, हातात बंदूक घेऊन उभी असू देत. सोमचं प्रकरण गाळा आणि या सकाळीच थांबा.

तुमची लेक