‘पिशवी काढायच्या आधी कुठं कुठं गेलात?’ या एका प्रश्नासाठी आभार

प्रिय ताई,

संशोधनाचे अहवाल कपाटात जातात. समाजकार्यातली मंडळी यायची, फॉर्म भरून न्यायची, पुढं पत्ता नाही. वरचा प्रश्न ज्यावर आहे ते तुमच्या प्रश्नावलीचं चौथं पान मात्र बीडच्या ऊसतोड गावांत आम्ही अजून वापरतो. हे पत्र त्या पानासाठी.

2019 च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. सहातली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2015-16) देशभरचं प्रमाण 15 ते 49 वयात 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, इतके पट तितके पट करत बसू नका, हे तुम्हीच बजावलंत. तरी एवढी तफावत काही वयानं भरून निघत नाही.

आकडा आला आणि जो तो विचारू लागला, या बायका पिशवी का काढतात? उत्तरंही तयार होती: अडाणीपणा, मुकादमाचा (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा) दबाव, पाळीची कटकट. तुम्ही विचारलंत, त्याआधी कुठं कुठं गेलात, दर वेळी काय औषध मिळालं, किती दिवस घेतलं, किती खाडे पडले?

खाड्याचा रकाना नसता तर निम्मं कळलंच नसतं. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर. एकानं दिवस मोडला की खाडा, हिशेबातून पैसे कापले. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, तर ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचं औषध साधारण 14 दिवसांचं. पहिल्या भेटीत पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, पुढच्या भेटीला पुन्हा खाडा, म्हणून ती जातच नाही. नवऱ्याला औषध कुणी देत नाही, त्यामुळं त्रास उलटतो. फडावर तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर आहेच, आणि पाळीचं कापड कोपीच्या, म्हणजे राहायच्या झोपडीच्या, आत, सावलीत वाळतंय. तीन-चार खेपांनंतर ‘औषधानं गुण येत नाही’ असा शेरा पडतो, वर कॅन्सरची भीती घातली जाते. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी आल्यावर ऑपरेशन. खर्च पुढच्या उचलीत.

परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही, ही अट नंतर आली, चांगलंच झालं. पण ती पहारा देते शेवटच्या पायरीवर. आधीच्या पायऱ्या तुमच्या पानामुळं दिसल्या.

विचारायचं कसं, तेही तुम्हीच दाखवलंत. नुसतं ‘ऑपरेशन झालंय का’ म्हटलं की बाई कुटुंब नियोजनाचं सांगते. म्हणून ‘त्यानंतर पाळी आली का?’ हे लगेच जोडायचं. वय विचारून उपयोग नाही. लग्न आणि थोरल्या लेकराचं वय यावरून काढायचं. नवरा किंवा मुकादम शेजारी असेल तर ते पान तेव्हा भरायचंच नाही. दवाखान्याचं कार्ड मागायचं आणि त्यावर अंडाशय ठेवलेत की काढलेत ते बघायचं, कारण तिशीत दोन्ही अंडाशय गेले तर हाडं ठिसूळ व्हायला तिथूनच सुरुवात. काढलेली पिशवी तपासल्याचा रिपोर्ट आहे का, हेही लिहायचं. ‘नाही’ हेसुद्धा उत्तर आहे, रकाना कोरा सोडायचा नाही, यावर तुम्ही किती चिडायचात!

एक सांगायचं राहिलं. त्या पानावर नवऱ्याच्या औषधाचा रकाना नव्हता, तो आम्ही वाढवलाय. शिवाय औषधाची चिठ्ठी बाईच्या हातात द्यायची, म्हणजे कारखान्यावर गेल्यावर तिथला डॉक्टर पहिल्यापासून सुरू करणार नाही. नवी प्रत सोबत पाठवतोय. दसऱ्याच्या आत बघून द्या, त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं हलतात.

तुमच्या,
बीड जिल्ह्यातल्या आरोग्य कार्यकर्त्या