दोन हातांपैकी कोणता हात? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वैद्यकीय महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या क्लिनिकल ट्रायलची माहिती आणि निष्कर्ष रुग्णांना समजेल अशा मराठीत देणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांवरील संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीवर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एथिक्स कमिटीवर, गेली काही वर्षे मी सामान्य नागरिक या नात्याने सदस्य आहे. २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि वैद्यक न शिकलेली एक तरी सामान्य व्यक्ती असावी लागते. ती व्यक्ती मी. औषधशास्त्राचे प्राध्यापक, शल्यविशारद आणि वकील यांच्यामध्ये बसून मला खऱ्या अर्थाने जमण्यासारखे एकच काम असते : रुग्णाच्या हाती द्यायचे मराठी संमतिपत्र वाचणे.

काही महिन्यांपूर्वी मधुमेहावरील एका ट्रायलचे असे संमतिपत्र आमच्यापुढे आले. त्यात एक वाक्य होते : "आपणांस यादृच्छिकपणे अभ्यासाच्या दोन हातांपैकी एका हातात नियुक्त केले जाईल." मी ते वाक्य बाह्यरुग्ण विभागात केस पेपर घेऊन रांगेत बसलेल्या एका बाईंना वाचून दाखवले. त्यांनी क्षणभर विचार केला, डावा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "उजव्यानं भाकरी थापायची असते, ताई. टोचायचंच तर ह्यात टोचा."

ट्रायलमधील गटांना इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखतात, त्याचा शब्दशः अर्थ हात असा होतो. भाषांतरकाराने तो जसाच्या तसा उचलला होता. चूक एका भाषांतरकाराची असती तर मी आपला वेळ घेतला नसता. परंतु हा मजकूर रीतसर तपासला गेलेला होता. मराठी भाषांतर पुन्हा दुसऱ्याकडून इंग्रजीत करून घ्यायचे आणि ते मूळ इंग्रजीशी जुळते का ते पाहायचे, अशी पद्धत आहे. आता गंमत अशी की मराठी जितकी इंग्रजीच्या पावलावर पाऊल ठेवून चालेल, तितकी ती या परीक्षेत हमखास उत्तीर्ण होते. 'यादृच्छिक' हा परिभाषेतला शब्द उलट भाषांतरात अचूक मूळ शब्द परत देतो, 'हात' सुद्धा देतो, आणि प्रमाणपत्र जोडले जाते. रांगेतल्या बाईंना काय समजले, हे या संपूर्ण प्रक्रियेत कोणीही विचारत नाही.

अशा शब्दांची यादी मोठी आहे. 'दुहेरी अंध चाचणी' असा शब्दप्रयोग मी डोळ्यांच्या रुग्णांसाठीच्या कागदात वाचला आहे, आणि तो वाचून मोतीबिंदूच्या एखाद्या आजोबांना काय वाटेल याची कल्पना आपण करू शकाल. त्याचा अर्थ इतकाच की कोणाला कोणते औषध मिळाले हे निकाल लागेपर्यंत रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. प्लासिबोला 'साखरेची गोळी' म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे होमिओपॅथीची बाटली येते. 'औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी' असे लिहिले तर चार शब्द जास्त लागतात आणि गैरसमज होत नाही. 'चाचणी' या शब्दाचीही तीच कथा : आपल्या लोकांसाठी चाचणी म्हणजे रक्त-लघवीची तपासणी, तिचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो. 'प्रयोग' म्हणावे तर माणूस दचकतो. म्हणून या पत्रात मी रुग्णालयातील सिस्टरपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे वापरतात तोच 'ट्रायल' हा शब्द वापरते आहे.

ट्रायल म्हणजे काय, हे मी स्वतः समितीवर आल्यावर शिकले. एखाद्या उपचाराने गुण येतो असे वाटते, पण खात्री नसते. बरा झालेला रुग्ण त्या उपचारामुळे बरा झाला की आपसूक, हे एकट्यादुकट्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून पुष्कळ रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, त्यांचे दोन गट पाडायचे. चिठ्ठी अशासाठी की डॉक्टरांनी स्वतः निवड केली तर नकळत धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे जातील आणि औषध आहे त्याहून गुणी दिसेल. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा, आणि मग ठरवलेल्या मुदतीनंतर मोजदाद. 'यादृच्छिक' या शब्दामागे दडलेली ही कल्पना चिठ्ठ्या टाकून भिशी लावणाऱ्या कोणत्याही स्त्रीला दोन मिनिटांत समजते, हा माझा अनुभव आहे.

अशा ट्रायल औषध कंपन्याच करतात, असा सर्वसाधारण समज आहे. कंपन्या त्यांच्या नव्या औषधांच्या ट्रायल करतात, हे खरे. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कोणालाच पैसा मिळणार नाही, तो प्रश्न विद्यापीठे आणि सरकारी संस्थाच विचारू शकतात. याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र ही होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाची घटक संस्था आहे. तिच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर स्तनाच्या कर्करोगाच्या १,६०० रुग्ण स्त्रियांवर एक ट्रायल झाली. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन, शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती टोचले तर पुढे फरक पडतो का, एवढाच तिचा प्रश्न होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या गटातील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८६ हयात होत्या आणि दिलेल्या गटातील सुमारे ९०. लिग्नोकेन इतके जुने आणि स्वस्त आहे की त्यासाठी कोणती कंपनी दहा वर्षे खर्च करत बसेल? शंभरांतल्या चार जणींचा हा हिशेब मी वर एका वाक्यात लिहिला. तो कोणत्याही वॉर्डात वाचून दाखवता येतो.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे आणि म्हणून मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी ट्रायल केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या एकेकदा केल्या. चौथ्या गटाला आजाराची व उपलब्ध सेवांची माहिती दिली, तपासणी मात्र केली नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला मराठवाड्यातल्या शेतकरी, मजूर बायांमुळे कळले.

चौथ्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर नंतर जाणकारांमध्ये बराच वाद झाला. तेव्हा त्या भागात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, हे एका बाजूचे म्हणणे. गुण येण्याची शक्यता दिसत असताना हजारो स्त्रियांना बाहेर ठेवू नये, हे दुसऱ्या बाजूचे. मला दुसरी बाजू जवळची वाटते. परंतु हा वाद इंग्रजी नियतकालिकांत होतो, आणि ज्यांच्या गावात चिठ्ठी पडली त्यांच्या भाषेतला एक कागद गावच्या पारावर लागलेला नसतो, हे मला वादाच्या निकालापेक्षाही अधिक खटकते.

आणि आता प्लाझ्मा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग. २०२० च्या एप्रिल ते जुलै या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत मध्यम स्वरूपाच्या कोविडच्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची ट्रायल केली. प्लाझ्मा दिलेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा आजार बळावला किंवा ते २८ दिवसांत दगावले. न दिलेल्या २२९ जणांपैकी ४१. म्हणजे फरक नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोठ्या ट्रायलनेही जानेवारी २०२१ मध्ये तेच सांगितले. तरी एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या राज्यात मुले, भाऊ, जावई प्लाझ्मासाठी रात्र रात्र फोन करत होते. राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा मे २०२१ मध्ये वगळला गेला, तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो असे. त्यामुळे सारा दोष भाषेचा आहे असे मी म्हणणार नाही. पण वर लिहिलेली चार वाक्ये ऑक्टोबरमध्येच प्रत्येक रक्तपेढीच्या भिंतीवर मराठीत लागली असती, तर निदान काही कुटुंबांनी त्या रात्री आपल्या माणसाजवळ काढल्या असत्या. जून २०२० च्या अखेरीस आपल्याच विभागाने 'प्लॅटिना' या नावाने प्लाझ्माचा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला होता. त्याच्या निष्कर्षांचे सोप्या मराठीतील पान तयार असल्यास ते विभागाच्या संकेतस्थळाच्या दर्शनी भागात लावावे. नसल्यास सुरुवात तिथूनच करावी.

औषधांचा कायदा केंद्राचा असताना मी हे आपल्याला का लिहिते, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. त्याचे उत्तर त्याच २०१९ च्या नियमांत आहे. आधीच मान्यता असलेल्या औषधाची नव्या आजारासाठी किंवा नव्या मात्रेत, विक्रीची परवानगी मिळवण्याचा हेतू न ठेवता केलेली ट्रायल शैक्षणिक ट्रायल ठरते, आणि तिला केंद्राच्या औषध नियंत्रकांची आगाऊ परवानगी सहसा लागत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता पुरते. म्हणजे अशा ट्रायलमधील रुग्ण आणि संशोधक यांच्यामध्ये उभे असते ते आपल्याच महाविद्यालयातले आमच्यासारख्यांचे टेबल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी जे प्रबंध लिहितात, त्यांतल्याही कित्येकांत रुग्णांवर दोन उपचारांची तुलना असते. ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात 'सर्वसामान्यांसाठीचे शीर्षक' असा वेगळा रकाना आहे. तो इंग्रजीत भरला जातो.

माझी मागणी खर्चाची नाही. शासकीय, महापालिकेच्या आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अशा प्रत्येक महाविद्यालयात, कोणतीही ट्रायल सुरू होण्यापूर्वी एक पान मराठीत प्रसिद्ध व्हावे : प्रश्न काय आहे, गट कसे पाडणार, नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळे काय घडणार, धोका कोणता, नाही म्हटले किंवा मध्येच सोडले तर उपचारात फरक पडणार नाही याची हमी, आणि अडचण आल्यास संस्थेबाहेरच्या कोणाला फोन करायचा. ट्रायल संपल्यावर वर्षभराच्या आत दुसरे पान, निष्कर्षांचे. उत्तर 'उपयोग नाही' असे आले तरीही, किंबहुना तेव्हा तर नक्कीच. युरोपीय संघात औषधांच्या ट्रायलसाठी असा वर्षभरात द्यायचा सोपा सारांश ३१ जानेवारी २०२२ पासून नियमानेच लागतो. हे दुसरे पान सहभागी रुग्णांच्या घरी पोचले पाहिजे. आज त्यांचे रक्त, त्यांच्या फेऱ्या आणि त्यांचा बुडालेला रोज यांतून निघालेले उत्तर त्यांच्याखेरीज सर्वांना कळते.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या दृष्टीने पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आहे : उलट भाषांतराचे प्रमाणपत्र पुरेसे मानू नये. त्या आजाराच्या, त्या भागातल्या पाच-सात रुग्णांना कागद वाचून दाखवावा आणि तो त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगावा. जिथे सांगणे अडखळेल तिथे मजकूर बदलावा, आणि ही नोंद पाहिल्याखेरीज समितीने मान्यता देऊ नये. नंदुरबारचा कागद आणि सांगलीचा कागद शब्दशः सारखा असण्याचे कारण नाही. जिथे भिली किंवा गोंडी बोलतात तिथे मराठीही पुरणार नाही.

इतके सोपे सांगितले तर रुग्ण घाबरतील आणि ट्रायलला माणसे मिळणार नाहीत, असे आमच्या समितीत एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला सांगितले. ते मनापासून बोलत होते. पण ज्याला समजल्यावर माणूस नाही म्हणेल, त्याला न समजता दिलेला होकार कोणत्या नावाने ओळखायचा, हे मी त्यांना विचारले. 'तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर' असे म्हणत अंगठा उठवणाऱ्याला बहुधा हेच ठाऊक नसते की समोरचा डॉक्टर या वेळी उपचार करणारा आहे, तसाच प्रश्न विचारणाराही आहे.

त्या मधुमेहाच्या संमतिपत्रातले वाक्य आम्ही बदलले. आता ते असे आहे : "तुम्हाला नवी गोळी मिळेल की नेहमीची, हे चिठ्ठी टाकून ठरेल. ते डॉक्टरांच्याही हातात नाही." भाषांतर संस्थेने त्यावर हरकत घेतली आहे, कारण उलट भाषांतरात ते मूळ इंग्रजीशी जुळत नाही. पुढील बैठकीत हा विषय पुन्हा येणार आहे. त्यापूर्वी आपल्या विभागाचे परिपत्रक निघाले, तर ते मी टेबलावर ठेवीन.

आपली विश्वासू,
एका नैतिकता समितीची सामान्य सदस्य