चौकटीवरचा डाग

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

गणपतीत घरी आले तेव्हा न्हाणीघराच्या चौकटीवर एक डाग दिसला. कंबरेच्या उंचीवर, तेलकट, पंजाएवढा. आई, तो तुझ्या हाताचा आहे. आत जाताना, बाहेर येताना तू तिथेच हात टेकतेस. मग दोन दिवस मी तुला बघतच राहिले. परकरात पाय घालायला आता पलंगावर बसतेस. आमटी ढवळताना डावा हात ओट्यावरून सुटत नाही. कंबर कशी आहे, हे आम्ही फोनवर रोज विचारलं. तोल जातो का, हे एकदाही विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटतंय.

इथल्या फिजिओथेरपिस्टबाईंशी बोलले. कंबर बरेच दिवस दुखली की मणक्यालगतचे आतले स्नायू नीट काम करत नाहीत, आणि शरीर कुठे झुकलंय याची खबर मेंदूला धड पोचत नाही. त्यात पडायची धास्ती, म्हणून पावलं आखूड होतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होत जातात, त्यामुळे साधं घसरणंही खुब्यावर बेततं.

मी तुला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालायला लावलं, परत आणून बसवलं, आठवतं? त्याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर जपायला हवं. तुला 17 लागले.

बाबा, तुम्ही तिचं किती करता ते मी बघते. पण "तू पडून राहा" म्हणत पाण्याचा तांब्याही हातात देऊ नका. उठणं, चालणं हेच तिचं औषध आहे. तो कंबरेचा पट्टाही नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवलाय, पट्टा नाही.

आई, कुकर लावलास की ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे मोज, मग दुसऱ्या. बाबा शेजारी उभे राहतील. पायातली शक्ती गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, माझी वाट बघायची नाही.

शनिवारी येतेय. न्हाणीघरासाठी स्टीलची दांडी घेतलीय. तोवर चौकटीवरचा डाग पुसू नका, दांडी त्याच उंचीवर बसवायचीय.

तुमची,
माई