विषय: चालू मशीन डेड सांगून नवीन पीसी गळ्यात मारायचा प्रयत्न आणि माझ्या जुन्या प्रोसेसरच्या वाकलेल्या पिना

नमस्कार,

ऑर्डर नंबर, बिल आणि जॉब शीटचा फोटो सोबत जोडलाय. फोनवर आतापर्यंत चार वेळा बोललो, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून रामकहाणी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य की सर तुमची कम्प्लेंट पुढे पाठवलीय. पुढे म्हणजे कुठे ते देव जाणे. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय, लांबलचक झालंय, पण वाचा, मी पण तुमच्या ठाण्याच्या दुकानात दुपारपासून रात्रीपर्यंत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काढलेत.

मी काय तुमच्याकडे पहिल्यांदा आलेलो नाही. २०१८ च्या दिवाळीत पहिल्या बोनसमधून तुमच्याकडूनच पीसी बनवून घेतला होता. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चा मदरबोर्ड, रॅमची ८ जीबीची एक कांडी, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड. लॉकडाऊनमध्ये अजून एक ८ ची कांडी आणि एक एसएसडी टाकली, बाकी इतकी वर्षं एक स्क्रू बदलला नाही. दर दिवाळीला घराच्या साफसफाईत त्याची पण धूळ काढायची एवढंच काय ते मेंटेनन्स. मशीन चांगलंच होतं आणि ते तुम्हीच जोडलेलं होतं, हे मी नाकारत नाही.

आता म्हातारं झालं होतं हे मलाही कळत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि रायझनची पहिली पिढी विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्याच महिन्यात एनव्हिडियाने माझ्या १०६० सारख्या १० सिरीजच्या कार्डांना नवीन गेमचे ड्रायव्हर देणं पण थांबवलं, आता फक्त सिक्युरिटीचे येणार. म्हणजे एकाच महिन्यात दोन्हीकडून नोटीस. बायको म्हणाली नवीनच घे की एकदाचा. पण मुलीच्या शाळेची फी, सोसायटीचं लिफ्टचं काँट्रिब्युशन, आणि माझा मॉनिटर अजून तोच २२ इंची फुल एचडी, त्याच्यासमोर लाखाची मशीन ठेवून करू काय? मी रात्री मुलगी झोपल्यावर तासभर खेळणारा माणूस, मला काय टूर्नामेंटला जायचं नाहीये. बजेट ठरवलं ३५ हजार, फार तर हजार दोन हजार इकडे तिकडे.

आणि या पैशात होतं सगळं, मी महिनाभर वाचून खात्री केली होती. रायझन बनवणाऱ्या एएमडीने २०२२ मध्ये माझ्या बी३५० सारख्या जुन्या ३०० सिरीजच्या बोर्डांनाही रायझन ५००० सिरीजचे प्रोसेसर चालतील असं केलं, फक्त बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट करावा लागतो, तोही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, आधी नवीन बसवला तर स्क्रीन काळीच राहणार. तो अपडेट मी घरी स्वतः केला. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून, शेजारच्यांचा यूपीएस मागून आणून, कारण मधेच लाईट गेली तर बोर्डाचं राम नाम सत्य. ती पाच मिनिटं मी खुर्चीवरून हललो नाही. नंतर आठवडाभर जुन्या १६०० वरच मशीन नवीन बायोसने व्यवस्थित चालली. हे मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या माणसाचं पहिलं वाक्य होतं, "सर या बोर्डला नाय चालणार."

मग तुमच्याच साईटवरून रायझन ५ ५६०० घेतला १०,४०० ला, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं २१,००० ला, आणि ५५० वॉटचा नवीन पॉवर सप्लाय ४,१०० ला. रॅम घेतली नाही, माझ्या बोर्डाच्या डीडीआर४ रॅमचे भाव जे काय झालेत ते बघून पोटात गोळा आला, एआयच्या डेटा सेंटरनी सगळा माल ओढलाय आणि भोगतोय आपण, त्यामुळे माझ्या त्या दोन जुन्या ८ च्या कांड्या आता मला सोन्यासारख्या. आणि फिटिंगचे वेगळे ९९९ भरले, कारण प्रोसेसरवरचा कूलर काढायची भीती वाटत होती. भीती बरोबर होती, फक्त माणूस चुकीचा निवडला.

शनिवारी कॅबिनेट घेऊन रिक्षाने तुमच्याकडे आलो. काउंटरवर लावून दाखवलं, विंडोज उघडलं, तुमच्याच पोराने जॉब शीटवर "सिस्टिम ऑन, डिस्प्ले ओके" लिहिलं, आणि मी त्याच वेळी मोबाईलवर सहज व्हिडिओ काढला कारण मुलीला दाखवायचं होतं की बाबाचा कॉम्प्युटर दवाखान्यात चाललाय. तो व्हिडिओ आता फार कामाचा झालाय. तो पण जोडलाय.

आता पुढचं मी काचेच्या पार्टिशनमधून डोळ्यांनी बघितलेलं आहे. मशीन बंद करून तो पोरगा जेवायला गेला. पाऊण तासाने आला, थंड पडलेल्या मशीनचे कूलरचे स्क्रू काढले आणि कूलर धरून सरळ वर खेचला. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली आठेक वर्षांची वाळलेली पेस्ट, ती सिमेंटसारखी धरून बसते, आणि माझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरांत पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात, सॉकेटमध्ये नाही. हे काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतं की आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायची, मग कूलर हळूहळू डावी उजवीकडे फिरवून सोडवायचा आणि मगच उचलायचा. यांनी खेचला तो प्रोसेसरसकट बाहेर आला, सॉकेटची लॉकची दांडी लागलेली असताना. मला टक् असा आवाज ऐकू आला. तो पोरगा दोन सेकंद तसाच उभा राहिला, मग माझ्याकडे पाठ करून वळला. वाईट त्या पाठ करण्याचं वाटलं. पिना वाकल्या असं तोंडावर सांगितलं असतं तर मी एवढं काही बोललो पण नसतो, हातून होतं असं.

तासाभराने बाहेर येऊन सांगतो, सर, तुमच्या जुन्या प्रोसेसरच्या पिना आधीच वाकलेल्या होत्या, आणि नवीन टाकला तर डिस्प्ले येत नाही, बोर्ड डेड आहे. आधीच वाकलेल्या? मग दुपारी काउंटरवर विंडोज काय मंत्र म्हणून चालू झालं होतं का?

आणि बोर्ड डेड म्हणल्यावर पाच मिनिटांत तुमचे सेल्सवाले सर कोटेशनची प्रिंट घेऊन हजर. रायझन ५ ७६००, डीडीआर५ ची एकच १६ ची कांडी, ८५० वॉटचा सप्लाय, चार लाईटवाले पंखे, काचेचं कॅबिनेट, एकूण ९८,५०० आणि माझ्या जुन्याचे एक्स्चेंजमध्ये ४,००० कमी करणार म्हणे. अहो त्यात कार्ड माझंच ६६००, ते १३२ वॉटचं, प्रोसेसर ६५ चा, दोन्ही मिळून २०० पण होत नाहीत, त्याला ८५० कशाला, घरी गिरणी टाकायचीये का? आणि एकाच कांडीने मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे दोनाऐवजी एकाच रस्त्यावर, चालते, गेममध्ये फरक पडतो, हे तुम्ही विकता तर तुम्हाला माहीत नको? मी नाही म्हणलं तर दुसरा पर्याय काढला, "आय७ गेमिंग पीसी फक्त २४,९९९". विचारलं कुठल्या पिढीचा, तर चौथ्या. चौथ्या पिढीचा आय७ म्हणजे २०१३ चा माल, माझ्या जुन्या मशीनपेक्षाही जुना, त्याला विंडोज ११ पण चालत नाही, आणि बाहेर काचेवर स्टिकर काय तर लेटेस्ट गेमिंग. कॉलेजच्या किती पोरांना हे आय७ नावावर खपवलं असेल कोण जाणे.

सप्लाय बदला असं मात्र तुमच्याच साईटवरच्या चॅटमध्ये सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं, इतका जुना सप्लाय नवीन कार्डाबरोबर ठेवू नये. तेवढं क्रेडिट तुम्हाला.

मी म्हणलं माझं सामान द्या, मी जातो. तर आधी डायग्नोसिस चार्ज १,५०० भरा, नाहीतर सामान मिळणार नाही. नवीन प्रोसेसर परत घ्या म्हणलं तर बॉक्स फोडलाय. वर जॉब शीटवर मला न विचारता लाल पेनाने "फिजिकल डॅमेज बाय कस्टमर" लिहून ठेवलं. रात्रीचे साडेआठ झालेले, मुलगी फोनवर रडतेय, भरले पैसे.

दुसऱ्या शनिवारी मालडब्यातून, कॅबिनेट आईच्या जुन्या चादरीत बांधून, डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि तिथून कॉम्प्युटरच्या बाजाराचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण तसं कोण म्हणत नाही. तिथे एका जिन्याखाली टेबल टाकून बसणारे काका आहेत, त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी मशीन उघडायच्या आधी मागून बघितलं आणि विचारलं, दुकानात केबल कुठे लावली होती? मी माझ्या मोबाईलमधला तुमच्या टेबलाचा फोटो दाखवला. काका हसायलाच लागले. एचडीएमआय बोर्डाच्या पोर्टला लावलेली, आणि माझं कार्ड शेजारी बॉक्समध्येच. ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतंच हो! कार्ड बसवल्याशिवाय त्या बोर्डाच्या पोर्टातून आयुष्यात डिस्प्ले येणार नाही. काकांचं म्हणणं, नवीन ७६०० वगैरेमध्ये छोटं ग्राफिक्स आत असतं, पोरगा रोज तेच जोडत असेल, सवयीने लावली केबल. मी पण तेच धरून चालतो, मुद्दाम केलं असं म्हणत नाही. पण सवयीने लावलेल्या केबलवर तुम्ही बोर्डाचं डेथ सर्टिफिकेट फाडलं आणि त्यावर ९८,५०० चं कोटेशन चिकटवलं.

काकांनी कार्ड बसवलं, केबल कार्डाला लावली, पहिल्या झटक्यात डिस्प्ले. तुमच्या डेड बोर्डावर मी हा मेल टाईप करतोय. रॅमच्या कांड्या पण तुमच्याकडे शेजारी शेजारी पहिल्या दोन खाचांत खोचल्या होत्या, त्या त्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्या, तेव्हा ड्युअल चॅनेल आलं. विंडोज ११ पण घातलं, काही कटकट नाही. जो गेम आधी मीडियमवर रडत चालायचा तो हायवर लोण्यासारखा चालतोय.

जुना १६०० त्यांनी भिंगाखाली धरला. शिसपेन्सिल, ती क्लिकवाली, त्यातलं शिसं काढून रिकामी नळी एकेका पिनेवर घालायची आणि केसभर केसभर सरळ करायची. अकरा पिना वाकलेल्या. दहा सरळ झाल्या, अकरावी तुटली. प्रोसेसर चालू होतो, पण मेमरीचं एक चॅनेल गेलं, दोन कांड्या घातल्या तरी एकच दिसते. हा प्रोसेसर मी मावसभावाला ३,००० ला देणार होतो, त्याने त्याच्यासाठी बोर्डपण घेऊन ठेवलाय. आता त्याला काय सांगू? लंगडा आहे, पण घे? काकांनी सगळ्या कामाचे ६०० घेतले आणि चहा पाजला.

आता मला काय हवंय ते सरळ सांगतो. डायग्नोसिसचे १,५०० परत, कारण निदानच चुकीचं होतं. फिटिंगचे ९९९ परत, कारण फिटिंग झालंच नाही. काकांचे ६०० आणि जुन्या प्रोसेसरचे ३,०००. एकूण ६,०९९. यात माझा लोकलचा पास, रिक्षा आणि दोन शनिवार धरलेले नाहीत. आणि पैशापेक्षा महत्त्वाचं, जॉब शीटवरचा तो लाल पेनाचा शेरा रद्द केल्याचं लेखी द्या, कारण नवीन प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी आहे आणि उद्या खरंच काही झालं तर तुम्हीच तो कागद माझ्या तोंडावर धराल. तुमच्याकडे सीसीटीव्ही आहे, वर्कशॉपच्या कोपऱ्यात कॅमेरा मी बघितलाय, त्या शनिवारचं दुपारी दोन ते चारचं फुटेज पुसू नका.

त्या पोराची नोकरी घालवू नका. त्याला कोणीतरी नीट शिकवलं असतं तर हे झालंच नसतं, आणि काउंटरवर कोटेशन घेऊन धावत येणारा तो नव्हता.

पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकणार आणि तिथून पुढे ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखाच्या आतल्या केसला फी पण लागत नाही, आणि व्हिडिओ, फोटो, जॉब शीट, यूपीआयची पावती सगळं माझ्याकडे एका फोल्डरमध्ये लावून ठेवलंय.

फोन करू नका, मेलवरच उत्तर द्या.

तुमचा २०१८ पासूनचा गिऱ्हाईक,
डोंबिवली पूर्व