चार जणांची कृती आणि पन्नास जणांची पंगत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या साप्ताहिक पुरवणीतील पाककृतींचे सदर मी नेमाने वाचते आणि त्यातील कृतींचा आमच्या महिला मंडळात वर्षानुवर्षे उपयोगही होतो. मात्र जवळजवळ प्रत्येक कृतीच्या माथ्यावर ‘साहित्य : चार जणांसाठी’ असे लिहिलेले असते. आपल्या कोल्हापुरात हळदीकुंकू, भिशी, शाळेचे स्नेहसंमेलन, तालीम मंडळाचा कार्यक्रम अशा निमित्तांनी घरचीच माणसे पन्नास-शंभर जणांचे खाणे करतात. त्या वेळी वर्तमानपत्राचे कात्रण पुढे ठेवून सगळी मापे बारा-तेराने गुणली जातात, आणि पदार्थ बिघडला की दोष करणारीच्या हाताला लागतो. खरे म्हणजे बरेचसे पदार्थ असे गुणून होतच नाहीत. आजकाल प्रत्येक कार्यक्रमात दिसणाऱ्या, केक, चॉकलेट कस्टर्ड, फळे आणि पांढरी मलई यांचे थर लावून केलेल्या गोड पदार्थाच्या आधारे हे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा पदार्थ मूळ इंग्लंडचा. तिकडे त्याला ट्रायफल म्हणतात. आपल्याकडे तो सहज रुजला, कारण त्यातील कस्टर्ड अंड्याशिवाय होते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी आपल्या पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून 1837 साली मक्याच्या पिठीवर आधारलेली कस्टर्ड पावडर तयार केली, तिचा लाभ आज आपल्या हळदीकुंकवाला होतो आहे. केकही अंड्याविना मिळतो. त्यामुळे सर्वांना चालणारा, आदल्या रात्री करून ठेवता येणारा आणि मुलांना हमखास आवडणारा असा हा पदार्थ आहे. तो नीट व्हावा, एवढीच तळमळ आहे.

गुणाकार पहिल्यांदा फसतो तो पातेल्यात. अर्धा लिटर दुधाचे कस्टर्ड ओट्यावर ठेवले तर तासाभरात निवते, परंतु तेच खोल पातेल्यात अडीच-तीन लिटर केले तर त्याचा गाभा कित्येक तास कोमट राहतो. वरून हात लावला तर गार, आत मात्र उबदार, आणि दूध, साखर व पिठी यांच्या मिश्रणात जंतू वाढण्यास तेवढी ऊब पुरते. शिजवलेले अन्न 60 अंश सेल्सियसवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरले पाहिजे, हा अन्नसुरक्षेतील दंडक आहे. चार जणांच्या कृतीत तो लिहिण्याची गरजच नसते, कारण तो आपोआप पाळला जातो. पन्नास जणांच्या कृतीत मात्र तो पहिल्या ओळीत हवा. त्यासाठी शिजलेले कस्टर्ड लगेच रुंद परातीत दोन इंचांहून जाड नाही असे ओतावे आणि परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून अधूनमधून हलक्या हाताने ढवळावे. पातळ थर फार लवकर निवतो. जाडी दुप्पट झाली की निवण्याचा वेळ जवळपास चौपट होतो.

दुसरी गोष्ट आटण्याची. लहान भांड्यात दूध त्याच्या मानाने जास्त आटते, मोठ्या पातेल्यात कमी. म्हणून गुणून घेतलेल्या पावडरीचे कस्टर्ड पातळ राहते आणि थर एकमेकांत उतरतात. पन्नास जणांसाठी अडीच लिटर दूध, दीडशे ग्रॅम कस्टर्ड पावडर, शंभर ग्रॅम कोको पावडर, तीनशे ग्रॅम साखर आणि अडीचशे ग्रॅम डार्क चॉकलेट हे माप बरोबर बसते. पावडर आणि कोको अर्धा लिटर थंड दुधात गुठळ्या न ठेवता कालवावे, उरलेल्या उकळत्या दुधात ओतावे आणि मिश्रण दोन मिनिटे खदखदू द्यावे. नुसते दाट दिसले म्हणून लगेच उतरवू नये, कारण पिठी पुरती शिजली नाही तर कच्चट चव राहते. चॉकलेटचे तुकडे गॅस बंद केल्यावरच घालावेत. चव पाहण्यासाठी वापरलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगते. आपल्याकडे उष्ट्याचा विधिनिषेध आहेच, पण येथे त्याला रोकडे कारणही आहे: लाळेतील अमायलेज हे विकर पिठीचे विघटन करते आणि चांगले आळलेले कस्टर्डही सैल पडू शकते. चार हातांनी चार वेळा चव पाहिली जाते अशा मंडळाच्या स्वयंपाकघरात ही शिस्त फार महत्त्वाची ठरते.

चॉकलेटविषयीही थोडे लिहिले पाहिजे. बाजारात कंपाउंड नावाने मिळणाऱ्या लाद्या स्वस्त असतात, पण त्यांत कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. कोको बटर 34 अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातील उबेने वितळते. कंपाउंडमधील स्निग्धांश थंड पदार्थात टाळूला मेणासारखा चिकटून राहतो. सजावटीच्या किसासाठी कंपाउंड चालेल, कस्टर्डमध्ये ते घालू नये. पुड्यामागील घटकांची यादी वाचली की दोन्हींतील फरक कळतो.

वरच्या पांढऱ्या थराबाबत माझे मत ठाम आहे. कार्यक्रमांतून सर्रास दिसणारा फेसाळ थर बहुधा वनस्पती तेलापासून केलेल्या तयार टॉपिंगचा असतो. ज्या शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून धारोष्ण दूध पेल्यात मिळते, त्या शहराने पाहुण्यांना तेलाचा फेस वाढावा, याचे मला वाईट वाटते. दुधाची क्रीम फेटण्याचा पर्याय आहे, परंतु त्यासाठी सुमारे 35 टक्के स्निग्धांश लागतो. दुकानातील साध्या 25 टक्क्यांच्या क्रीमला तसा फुगवटा येत नाही, आणि आलाच तरी मोठ्या कार्यक्रमात तो तासाभरात बसतो. त्यापेक्षा आपला चक्का घ्यावा. म्हशीच्या दुधाच्या ताज्या, आंबट न झालेल्या दह्याचा एक किलो चक्का पुरणयंत्रातून काढून त्यात दीडशे ग्रॅम पिठीसाखर आणि थोडी ताजी साय मिसळली की गुळगुळीत, जागा न सोडणारा थर मिळतो आणि त्याचा किंचित आंबटपणा चॉकलेटच्या कडसरपणाला उठाव देतो. साखर याहून वाढवू नये, कारण साखरेने चक्का सैल पडतो; श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे.

फळांच्या निवडीत कृती लिहिणारे सर्वांत जास्त मोकळीक देतात आणि तेथेच सर्वांत जास्त बिघडते. ‘आवडीची कोणतीही फळे’ हे वाक्य पन्नास जणांच्या कृतीत असू नये. न शिजवलेल्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर दुधातील प्रथिनांचे तुकडे करते, त्यामुळे रात्रभरात चक्का कडू होतो. अननस हवाच असेल तर त्याच्या फोडी साखरेच्या पाण्यात पाच मिनिटे उकळून, निथळून घ्याव्यात. किवी आणि कच्चट पपई यांचेही तसेच. केळे कापल्यावर काळे पडते, म्हणून ते लिंबाचा रस लावून वाढण्याच्या थोडेच आधी वर घालावे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी या पदार्थासाठी उत्तम. चिकूही चॉकलेटशी फार छान जुळतो, परंतु तो घट्ट असावा. बिनबियांची द्राक्षे घेतली तर लहान मुलांसाठी ती उभी चिरावीत, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते. हापूस मात्र चॉकलेटखाली दडपू नये, त्याचा आमरसच बरा. आणि कोणत्याही चिरलेल्या फळावर साखर भुरभुरू नये, कारण साखर फळातील पाणी बाहेर ओढते आणि तेच पाणी सकाळी ट्रेच्या तळाशी साचलेले दिसते.

थरांचा क्रमही याच पाण्यावर ठरतो. फळे कस्टर्डवर नव्हे, तर केकवर हवीत, म्हणजे सुटणारा रस केक पितो. दहा इंच लांब-रुंद आणि तीन इंच खोल असे स्टीलचे दोन ट्रे पन्नास जणांना पुरतात. दोन्हींत मिळून एक किलो साधा चॉकलेट स्पंज अंथरावा. बेकरीत आदल्या दिवशी सांगितले तर आयसिंगविना मिळतो. त्यावर सुमारे चारशे मिलिलिटर गुळाचे पातळ, गार पाणी शिंपडावे. आपल्या कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चॉकलेटबरोबर त्याची खरपूस गोडी अतिशय खुलते. गूळ उकळत्या दुधात घातला तर दूध फाटण्याची भीती असते, केकवर तो निर्धास्त वापरता येतो. मग सोलून-निवडून दोन किलो भरतील इतकी फळे, त्यावर गार झालेले पण अजून ओतता येणारे कस्टर्ड, आणि ते फ्रीजमध्ये घट्ट बसल्यावर चक्का. रात्रभर झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी वड्या पाडतो त्याप्रमाणे प्रत्येक ट्रेवर उभ्या-आडव्या चार-चार रेषा ओढल्या की पंचवीस सारखे वाटे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे ग्रॅमांच्या आसपास पदार्थ येतो. उंच काचेच्या भांड्यात थर शोभून दिसतात हे खरे, पण शेवटच्या वीस जणांना त्यातून नुसता चिखल वाढला जातो.

वाढण्याबाबतही लिहायला हवे. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या पेल्यांवर आणि चमच्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरीही हा पदार्थ बहुतेक ठिकाणी त्यांतूनच दिला जातो. भांडी भाड्याने देणाऱ्यांकडे स्टीलच्या वाट्या मिळतात, त्या आणाव्यात. फ्रीजमधून काढलेला ट्रे दोन तासांच्या आत आणि उन्हाळ्यात पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात संपला पाहिजे. म्हणून एक ट्रे बाहेर, दुसरा शेजारच्या घरच्या फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवावा. भाषणे लांबली तर ट्रे बाहेर काढूच नये.

आपणांस विनंती अशी की पुरवणीत चार जणांच्या कृतीसोबत महिन्यातून एक कृती पन्नास जणांसाठी छापावी. तिच्यात मापे वाट्या-चमच्यांत न देता वजनात द्यावीत, भांड्याची लांबी-रुंदी आणि खोली द्यावी, निवण्यास लागणारा वेळ द्यावा, आणि बाहेर किती वेळ टिकेल हे स्पष्ट लिहावे. कृती छापण्यापूर्वी ती खरोखर तेवढ्या प्रमाणात कोणीतरी करून पाहिलेली असावी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत थंडी असते आणि स्ट्रॉबेरीही बाजारात भरपूर असते. सदराची सुरुवात त्याआधीच्या अंकात झाली तर अनेक मंडळांना तिचा त्याच हंगामात उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर