तुळस वेगळी, सब्जा वेगळा

संपादक, स. न.

कार्तिकी एकादशी झाली की द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात आणि त्याच चार दिवसांत तुळशीचे ‘फायदे’ मोबाइलवरून घरोघर पोचतात. तुळस रात्रीही ऑक्सिजन सोडते आणि पानात पारा असतो म्हणून ते चावू नये, ही दोन वाक्ये दरवर्षी ठरलेली. उजेड नसला की तुळसही इतर झाडांसारखी नुसती श्वसन करते. पाऱ्याच्या गोष्टीलाही आधार नाही. पान चावू नये हा आदराचा संकेत आहे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ तुळशीच्या काष्ठाची, नैवेद्यावर तिचे पान, शेवटच्या घोटातही गंगाजलाबरोबर तीच. हे मान्य करायला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही.

खरी काळजी आहे ती नावांच्या घोळाची. सरबतात आणि फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे तुळशीचे बी नव्हे. ते तुळशीच्याच कुळातले, पण वेगळे झाड. सब्जाचे पान मोठे, गुळगुळीत, फुले पांढरी. कबरीवर वाहतात तो सुगंधी सब्जा हाच. अंगणातल्या तुळशीचे पान लहान, दातेरी, खोडावर बारीक लव आणि मंजिरी जांभळट. तिचे बी तपकिरी आणि फार बारीक. ‘तुळशीचे बी’ म्हणून घेतलेल्या पुडीतून पुष्कळदा सब्जाच उगवतो, तो यामुळे.

ही गल्लत औषधात महाग पडते, कारण दोघांचे गुण उलट आहेत. सब्जा थंड, उन्हाळ्यातला. तुळस उष्ण. चरकसंहितेत तुळशीला ‘सुरस’ म्हटले आहे: उचकी, खोकला, दमा आणि बरगड्यांतले दुखणे यांवर उपयोगी, कफ-वात कमी करणारी, पण पित्त वाढवणारी. शेवटचा शब्द सगळे विसरतात. आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये सुचवलेल्या काढ्याचे प्रमाण तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1 असे होते. घरोघर मात्र मिरी मूठभर आणि काढा दिवसातून चार-पाच वेळा. तोंड येणे आणि छातीत जळजळणे हे त्याचेच फळ.

काढा करताना दुसरी चूक होते ती पाने सुरुवातीपासून उकळण्याची. तुळशीचा वास म्हणजे तिच्यातले तेल; उघड्या भांड्यात ते वाफेबरोबर निघून जाते. एका माणसासाठी दोन कप पाणी, दोन ठेचलेले मिरे, पाव चमचा सुंठ आणि नखाएवढा दालचिनीचा तुकडा उकळून एक कप करावा. गॅस बंद करून मग आठ-दहा पाने हाताने तोडून टाकावी आणि दहा मिनिटे घट्ट झाकावे. मध कोमट झाल्यावरच. दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. तेवढ्याने उतार पडला नाही तर डॉक्टर गाठावा. दुधाच्या चहात तुळस घालणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की चरकसंहितेतच सुरस खाऊन वर दूध पिऊ नये असे सांगितले आहे.

रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दिवस गेले असतील, तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नैवेद्यातल्या एका पानाला हरकत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध-तुळशीचे चाटण मुळीच देऊ नये, धोका मधाचा आहे. कानात रस पिळणेही नको. पडदा फाटलेला असेल तर रस थेट आत जातो.

सब्जा चमचाभर, कपभर पाण्यात भिजवावा. काही मिनिटांतच प्रत्येक काळ्या दाण्याभोवती करडे, बुळबुळीत कवच फुगते; तरीही पंधरा-वीस मिनिटे थांबावे. कोरडे बी गिळले तर ते घशातच फुगते. लहान मुलांच्या हाती ते कोरडे देऊच नये.

आपल्या आरोग्य पुरवणीत तुळशीवर मजकूर येईल तेव्हा झाड कोणते, पाने किती आणि कोणी टाळावे हे तीन तपशील आवर्जून छापावेत. बाजारातल्या हारातली तुळस काढ्याला वापरू नये, हेही लिहावे. तिच्यावर फवारणी झाली आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

लग्नानंतर घरच्या तुळशीकडेही बघावे. कुंडीत ओतलेले दूध-तेल आणि हळदकुंकू यांनी माती चिकट होते, पाणी मुरत नाही आणि मुळे कुजतात. वरचा दोन बोटे थर काढून नवी माती घालावी, समई खोडापासून हातभर लांब ठेवावी आणि मंजिरी बी धरण्याआधीच खुडावी. ती तशीच राहिली की पाने बारीक होतात, खोड लाकडासारखे होते. एक-दोन मंजिऱ्या मात्र झाडावर वाळू द्याव्या, पुढच्या रोपांसाठी.

– एक वाचक, सातारा